बागेतून चित्रपटाकडे: लंडन ते डंजनेस

चित्रपटात बाग बहुतेक वेळा पार्श्वभूमी म्हणून येते. नायक-नायिका तिथे भेटतात, गाणे होते, कॅमेरा ताटव्यांवरून फिरतो आणि कथा पुढे सरकते. भारतीय प्रेक्षकाला श्रीनगरचे शालिमार, म्हैसूरजवळचे वृंदावन उद्यान किंवा ‘सिलसिला’मधली हॉलंडची ट्यूलिपची फुले आठवतात ती याच रीतीने. काही चित्रपटांचे बागेशी नाते मात्र मुळातले असते. त्यांतली बाग काढून टाकली तर कथाच उरत नाही. दिग्दर्शकाला विषय, मांडणी आणि पाहण्याची रीत बागेनेच दिलेली असते.

अशा नात्याची चार ठळक उदाहरणे इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, जवळजवळ एका वाटेवर सापडतात. पहिले लंडनच्या चार्ल्टन भागातले मॅरियन पार्क. दुसरी केंट आणि ईस्ट ससेक्स यांच्या सीमेवरच्या ग्रूमब्रिज गावातली सतराव्या शतकातील हवेली. तिसरी रॉल्व्हेंडन गावची भिंतीआडची बाग. चौथी डंजनेसच्या गोट्यांच्या किनाऱ्यावरची, कुंपण नसलेली छोटी बाग. लंडनपासून डंजनेसपर्यंतचे सरळ अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. प्रस्तुत लेखकाने ही वाट जूनच्या सुरुवातीला, काही ठिकाणी रेल्वेने व काही ठिकाणी बसने केली. या दिवसांत किनाऱ्यावरची रानफुले फुललेली असतात, आणि रात्री नऊपर्यंत उजेड राहत असल्याने एकाच बागेचे वेगवेगळ्या प्रहरांचे रूप पाहता येते. ज्या चित्रपटांसाठी ही यात्रा करायची, त्यांचा उजेडाशी असलेला संबंध लक्षात घेता ही सोय मोठी आहे.

मॅरियन पार्क: रंगवलेली हिरवळ

चार्ल्टन हे थेम्स नदीच्या दक्षिण काठचे साधे, कामकरी वस्तीचे उपनगर आहे. स्थानकावरून थोडे चालत गेले की मॅरियन पार्कचे फाटक लागते. पूर्वी इथे वाळूची खाण होती. ती बंद पडल्यावर मॅरियन-विल्सन या जमीनदार घराण्याने जागा लोकांच्या वापरासाठी दिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे सार्वजनिक बाग झाली. खाणीमुळे या बागेला खोलगट आकार आला आहे. मधे सपाट हिरवळ, टेनिसची मैदाने, आणि कडेने झाडीने भरलेले उभे चढ. एका बाजूने पायऱ्या चढून गेले की टेकाडावर गवताचा आणखी एक सपाट तुकडा लागतो. बाहेरच्या रस्त्यावरून तो दिसत नाही, आणि खालच्या हिरवळीवरूनही नाही.

याच तुकड्यावर मिकेलांजेलो आंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाने ‘ब्लो-अप’ (१९६६) या चित्रपटाचा गाभा उभा केला. चित्रपटाचा नायक फॅशनच्या दुनियेतला तरुण छायाचित्रकार आहे. सहज बागेत फिरताना त्याला एक स्त्री व एक पुरुष दिसतात. कुंपणाआडून, झाडाआडून तो त्यांची छायाचित्रे घेतो. ती स्त्री निगेटिव्ह मागण्यासाठी त्याच्यामागे लागते, तेव्हा त्याचे कुतूहल चाळवते. स्टुडिओत परतल्यावर तो छायाचित्रे मोठी करत जातो. झुडपांत पिस्तूल धरलेला हात असावा असे त्याला दिसते, मग गवतावर पडलेला माणूस. प्रत्येक वेळी चित्र मोठे होते आणि तितकेच दाणेदार, अस्पष्ट होत जाते. रात्री तो बागेत जातो तेव्हा प्रेत तिथे असते. सकाळी जातो तेव्हा नसते. चित्रपटाची कल्पना हुलिओ कोर्तासार या अर्जेंटिनी लेखकाच्या एका कथेवरून आली. पण कथेतले पॅरिस सोडून आंतोनिओनीने लंडन निवडले, आणि लंडनमध्येही प्रसिद्ध राजोद्याने सोडून ही आडबाजूची बाग निवडली.

या निवडीचे कारण बागेत उभे राहिल्यावर कळते. मॅरियन पार्कमध्ये एका जागेवरून सगळी बाग कधीच दिसत नाही. चढ, झाडी आणि वळणाच्या पायवाटा यांमुळे प्रत्येक ठिकाणी काही उघड असते आणि काही झाकलेले. मोठ्या मोकळ्या उद्यानात लपायला जागा नसते आणि रानात मोकळेपण नसते. इथे दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. उजेडी दुपारी, माणसांच्या वस्तीला लागून खून होऊ शकतो आणि तो कोणाला दिसू शकत नाही, ही चित्रपटाची मुख्य कल्पना या जमिनीच्या उंचसखल रचनेत आधीच आहे.

आंतोनिओनीने बाग जशी होती तशी ठेवली नाही. गवत पुरेसे हिरवे नाही म्हणून त्यावर हिरवा रंग फवारला, पायवाटा गडद केल्या, आणि बागेच्या मागे आकाशरेषेवर दिव्यांची एक मोठी पाटी उभारली. आधीच्या ‘रेड डेझर्ट’ (१९६४) या चित्रपटातही त्याने निसर्गातल्या वस्तू रंगवून घेतल्या होत्या. यामागे नुसती सजावटीची हौस नव्हती. ‘ब्लो-अप’चा प्रश्नच हा आहे की छायाचित्रात दिसते ते किती खरे असते. ज्या गवताकडे प्रेक्षक निसर्ग म्हणून पाहतो तेही रंगवलेले, ही गोष्ट त्या प्रश्नाला आणखी टोक आणते. बाग ही माणसाने रचलेली असूनही नैसर्गिक वाटणारी जागा असते. दिग्दर्शकाने बागेचा हा मूळ गुणच एक पायरी पुढे नेला.

ध्वनीचा वापरही तितकाच महत्त्वाचा आहे. चित्रपटाला हर्बी हॅन्कॉकचे जॅझ संगीत आहे, पण बागेतल्या मुख्य प्रसंगांत ते थांबते आणि झाडांतून वाहणारा वारा तेवढा ऐकू येतो. स्टुडिओत भिंतीवर छायाचित्रे लावली जात असताना पाने पुन्हा सळसळतात. शेवटी टेनिसच्या मैदानावर मूकाभिनय करणारी तरुण मंडळी चेंडू-रॅकेटशिवाय खेळतात. कुंपणाबाहेर गेलेला काल्पनिक चेंडू नायक उचलून परत फेकतो, आणि मग चेंडूचा आवाज ऐकू येऊ लागतो. १९६७ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला मिळाले. टेनिसची मैदाने आजही तिथे आहेत. दुपारी आसपासची मुले खेळत असतात, कुत्र्यांना फिरवायला माणसे येतात, आणि टेकाडावरचा गवताचा तुकडा बहुधा रिकामा असतो. तिथे जरा वेळ थांबले की झाडांमधल्या वाऱ्याचा तो आवाज प्रत्यक्ष ऐकायला मिळतो. चित्रपटाने या बागेतून घेतलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच असावी.

ग्रूमब्रिज: चौकटीतली हवेली

लंडनहून टनब्रिज वेल्सला जाणारी गाडी तासाभरात केंटच्या हिरव्या टेकड्यांत आणून सोडते. तिथून ग्रूमब्रिज जवळच आहे. जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींनी चालवलेली स्पा व्हॅली रेल्वेही तिथवर जाते. गावाच्या मधोमध तिरपी, त्रिकोणी हिरवळ असून तिच्या कडेला भिंतींवर कौले जडवलेली जुनी घरे आहेत. हिरवळीखालच्या बाजूला पाण्याच्या खंदकाने वेढलेली ग्रूमब्रिज प्लेस ही हवेली उभी आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलिप पॅकर याने ती जुन्या वास्तूच्या जागी बांधली. बागेच्या आखणीत त्याचा मित्र, उद्यानशास्त्राचा जाणकार व रोजनिशीकार जॉन एव्हलिन याचा सल्ला होता असे मानले जाते. तांबूस विटांचे घर, खंदकात पडणारे त्याचे प्रतिबिंब, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी बाग आणि यू वृक्षांचे छाटून आकार दिलेले उभे स्तंभ, अशी ही रचना आहे. आर्थर कॉनन डॉइल याने ‘द व्हॅली ऑफ फिअर’ या शेरलॉक होम्सच्या कादंबरीतली खंदकवाली हवेली हिच्यावरूनच रचली. पुढे २००५ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये बेनेट कुटुंबाचे घर म्हणूनही ही वास्तू दिसली.

मात्र या बागेला चित्रपटाच्या इतिहासात स्थान मिळाले ते पीटर ग्रीनअवे याच्या ‘द ड्राफ्ट्समन्स काँट्रॅक्ट’ (१९८२) मुळे. ग्रीनअवे चित्रकलेचे शिक्षण घेतलेला दिग्दर्शक. एका सुट्टीत तो वेल्सच्या सीमेवरच्या एका घराची चित्रे काढत बसला होता. ऊन सरके, सावल्या बदलत, म्हणून दिवसाच्या ठराविक वेळी ठराविक बाजूचेच चित्र काढायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा त्याच जागी यायचे, असा क्रम त्याला पाळावा लागला. घरातली मंडळी मधेच येत, कामात खंड पडे. चित्रपटाची संपूर्ण रचना या अनुभवातून आली आहे.

कथा १६९४ सालची आहे. हर्बर्ट नावाच्या जमीनदाराची पत्नी, पती परगावी असताना, नेव्हिल नावाच्या रेखाटनकाराला घर व बागेची बारा चित्रे काढायचे काम देते. करारात पैशांबरोबर तिच्या देहाचाही मोबदला ठरतो. नेव्हिल प्रत्येक चित्राची जागा आणि वेळ नेमून देतो. अमुक वेळेत घराच्या मागच्या बाजूला कोणी फिरकू नये, अमुक खिडकी बंद असावी, मेंढ्या इथे असाव्यात, धूर निघू नये, असे हुकूम तो सोडतो. उभ्याआडव्या तारांच्या चौकटीतून तो बाग पाहतो आणि दिसेल ते, फक्त दिसेल तेच, कागदावर उतरवतो. हळूहळू बागेत अनपेक्षित वस्तू दिसू लागतात: भिंतीला टेकवलेली शिडी, झुडपावर पडलेला अंगरखा, सोडून दिलेले बूट. नेव्हिल त्या प्रामाणिकपणे चित्रात घेतो. पुढे जमीनदाराचे प्रेत खंदकात सापडते, आणि ही चित्रेच खुनाचा पुरावा, त्याहून वाईट म्हणजे रेखाटनकाराविरुद्धचा पुरावा ठरतात. जे पाहतो त्याचा अर्थ न लावणाऱ्या माणसाचा शेवट भीषण होतो.

ग्रीनअवेने कॅमेरा बहुतांशी स्थिर ठेवला. नेव्हिलच्या चौकटीतून दिसणारे दृश्य आणि पडद्यावरचे दृश्य एकच होते. चित्रपटातली रेखाटने ग्रीनअवेने स्वतः काढली असून जवळून दिसणारा, रेषा ओढणारा हातही त्याचाच आहे. मायकेल नायमन याने हेन्री पर्सेल या त्याच काळातील रचनाकाराच्या सुरावटींवर आधारलेले संगीत दिले. तेही बागेच्या आखणीसारखे काटेकोर, पुन्हा पुन्हा त्याच वळणावर येणारे आहे.

१६९४ हे वर्ष उद्यानांच्या इतिहासाशीही जोडलेले आहे. डच राजपुत्र विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला होता आणि सरळ रेषा, कातरलेली झुडपे, पाण्याचे चर यांची डच धाटणी रूढ झाली होती. चित्रपटात एक डच उद्यानरचनाकारही आहे, आणि जुनी आखणी मोडून जमिनीला नवे रूप देण्याची योजना त्याच्याकडे आहे. पुढच्या शतकात इंग्लंडच्या अनेक बागांच्या सरळ रेषा खरोखरच पुसल्या गेल्या आणि त्यांच्या जागी वळणदार तळी, विखुरलेली झाडे व दूरवर पसरलेली कुरणे आली. मालकी बदलली की जमिनीचे रूप बदलते, आणि रूपाचे चित्र काढणारा नेहमी दुसऱ्याच्या मालमत्तेचे चित्र काढत असतो, हे चित्रपटाचे सूत्र या उद्यान-इतिहासातून येते. ग्रूमब्रिजमध्ये ते वाचायला फार शोधावे लागत नाही. खंदक, भिंत, कातरलेला यू, पायरी, या प्रत्येक गोष्टीचे काम कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे हे ठरवण्याचे आहे. हवेली खाजगी असल्याने आत जाण्याची सोय आहे की नाही याची चौकशी आधी करावी लागते. गावातल्या हिरवळीवरून आणि शेजारच्या छोट्या विटांच्या चर्चच्या बाजूनेही या जागेच्या मांडणीची कल्पना येते.

रॉल्व्हेंडन: कुलूपबंद दार

ग्रूमब्रिजहून पूर्वेकडे निघाले की सफरचंदांच्या बागा, हॉप्स सुकवण्याच्या टोकदार छपरांच्या भट्ट्या आणि मेंढ्यांची कुरणे यांतून रस्ता टेंटरडनकडे जातो. त्याच्या अलीकडे रॉल्व्हेंडन हे छोटे गाव आहे आणि गावाबाहेर ग्रेट मेथम हॉल. या घरात १८९८ ते १९०७ या काळात फ्रान्सिस हॉजसन बर्नेट ही लेखिका भाड्याने राहत होती. तिला इथे विटांच्या उंच भिंतींनी वेढलेली, दुर्लक्षित, जुनी बाग सापडली. तिने ती स्वच्छ करवून घेतली, गुलाब लावले आणि तिथेच टेबल मांडून ती लिहू लागली. एक रॉबिन पक्षी रोज तिच्याजवळ येई, पुढे हातावरचे दाणेही टिपू लागला. घर सोडून गेल्यावर, अमेरिकेत राहत असताना, तिने या आठवणीवर ‘द सीक्रेट गार्डन’ (१९११) ही कादंबरी लिहिली. कथा तिने यॉर्कशरमध्ये नेली, पण भिंत, दार, गुलाब आणि रॉबिन केंटचे आहेत.

कादंबरीची सुरुवात हिंदुस्थानात होते. मेरी लेनॉक्स ही इंग्रज मुलगी आयांच्या हाताखाली, आईबापांच्या मायेविना वाढलेली आहे. पटकीच्या साथीत आईवडील जातात आणि तिला आतोबांच्या उदास हवेलीत पाठवले जाते. तिथे पत्नीच्या अपघाती मृत्यूनंतर आतोबांनी दहा वर्षे कुलूप लावून ठेवलेली एक बाग असते. मेरीला किल्ली सापडते. डिकन हा गावचा मुलगा आणि कॉलिन हा अंथरुणाला खिळलेला आतेभाऊ यांच्या साथीने ती बाग पुन्हा फुलवते, आणि बागेबरोबर मुलेही सुधारतात.

या कथेवर अनेक चित्रपट झाले. प्रत्येक वेळी दिग्दर्शकाला एकच कोडे सोडवावे लागले: बंद दारापलीकडचे जग पडद्यावर वेगळे कसे भासवायचे? १९४९ च्या हॉलिवूड चित्रपटात फ्रेड विलकॉक्स याने सोपा आणि आजही परिणामकारक वाटणारा उपाय केला. बहुतेक चित्रपट कृष्णधवल ठेवला आणि फुललेल्या बागेचे प्रसंग टेक्निकलरमध्ये घेतले. दार उघडते आणि रंग येतो. १९९३ मध्ये पोलिश दिग्दर्शिका आन्येश्का हॉलंड हिने ती कथा पुन्हा केली तेव्हा रंगाचे नवल उरले नव्हते. तिने व छायालेखक रॉजर डीकिन्स याने काळाचा आधार घेतला. कोंब माती फोडून वर येतो, पाकळ्या उलगडतात, वेली भिंतीवर चढतात, हे सगळे काळ आवळून काही सेकंदांत दाखवले. बागेत जे आठवड्यांनी घडते ते पडद्यावर डोळ्यांसमोर घडू लागले. २०२० च्या मार्क मंडन याच्या चित्रपटाने कथेचा काळ १९४७ वर आणला आणि मेरीच्या अनाथपणाला भारताच्या फाळणीची पार्श्वभूमी दिली. त्याने एका बंद चौकोनाऐवजी सीमाच न दिसणारी बाग दाखवली. त्यासाठी वेल्समधल्या बॉडनंट बागेतील लॅबर्नमच्या पिवळ्या फुलांची कमान, कॉर्नवॉलमधली ट्रेबा बाग अशा दूरदूरच्या जागा एकत्र जोडल्या.

तीन पिढ्यांनी एकाच बागेतून तीन वेगळ्या गोष्टी घेतल्या: रंग, काळ आणि विस्तार. मूळ बाग मात्र या तिन्हींपेक्षा लहान आणि शांत आहे. विटांच्या भिंती अजून उभ्या आहेत. घर बर्नेट गेल्यानंतर एडविन लट्यन्स याने नव्याने बांधले. नवी दिल्लीचे आजचे राष्ट्रपती भवन आणि त्याची बाग आखणारा तोच हा वास्तुरचनाकार. आज घरात ज्येष्ठ नागरिकांची सदनिकावजा निवासस्थाने आहेत, त्यामुळे बाग ठराविक दिवशीच लोकांसाठी उघडते. भिंतीच्या आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो वाऱ्याचा अभाव. बाहेर वारा असतो, आत उबारा असतो. तापलेल्या विटा संध्याकाळपर्यंत ऊब धरून ठेवतात, त्यामुळे नाजूक झाडे तगतात. इंग्लंडमध्ये भिंतीआडच्या बागा बांधण्याचे व्यवहारी कारण हेच होते. दुखावलेले मूल आणि नाजूक रोप या दोघांना आधी आडोसा लागतो, ही बर्नेटची कल्पना या व्यवहारातून थेट उगवली आहे.

डंजनेस: कुंपणाविना

रॉल्व्हेंडनपासून समुद्राकडे जमीन उतरत जाते आणि रॉम्नी मार्श हा सपाट, पाणथळ पट्टा सुरू होतो. न्यू रॉम्नीहून छोट्या रुळांची एक गाडी डंजनेसपर्यंत जाते. दोन रुळांतले अंतर अवघे १५ इंच आहे. हायथ ते न्यू रॉम्नी हा मार्ग १९२७ मध्ये सुरू झाला आणि १९२८ मध्ये डंजनेसपर्यंत वाढला. गाडी घरांच्या परसांना लागून जाते, मग घरे विरळ होतात, झाडे संपतात आणि गोट्यांचा प्रचंड विस्तार उघडा पडतो. युरोपातल्या सर्वांत मोठ्या गोट्यांच्या किनाऱ्यांपैकी हा एक. दोन दीपगृहे, मासेमारीच्या ओढून ठेवलेल्या होड्या, गंजलेल्या चरख्या, रेल्वेच्या जुन्या डब्यांची केलेली घरे आणि या सगळ्यांच्या मागे अणुवीज केंद्राच्या अवाढव्य इमारती. केंद्राचा पहिला भाग २००६ मध्ये बंद झाला. दुसऱ्याने २०१८ मध्ये वीजनिर्मिती थांबवली आणि २०२१ मध्ये तोही कायमचा बंद झाल्याचे जाहीर झाले.

या किनाऱ्यावर डांबराने काळे केलेले, पिवळ्या खिडक्यांचे एक लाकडी घर आहे. त्याचे नाव प्रॉस्पेक्ट कॉटेज. चित्रकार, चित्रपट-दिग्दर्शक आणि लेखक डेरेक जार्मन याने ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, वडिलांकडून आलेल्या पैशातून ३२,००० पौंडांना घेतले. तो अभिनेत्री टिल्डा स्विन्टन हिच्यासह चित्रीकरणासाठी ब्लूबेल फुलांचे रान शोधत या भागात आला होता, तेव्हा हे घर त्याच्या नजरेस पडले. डिसेंबर १९८६ मध्ये त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाले होते. त्या काळी या आजारावर परिणामकारक उपचार नव्हते आणि समाजात भीती व तिरस्कार होता. जार्मनने आपली लागण उघडपणे सांगितली आणि उरलेल्या वर्षांत चित्रपटांबरोबर बाग केली.

इथे माती नाही. गोटे बाजूला करून खड्डा घ्यायचा, त्यात शेणखत भरायचे आणि रोप लावायचे. खारे वारे आणि कोरडी हवा यांत बहुतेक लाडावलेली झाडे मरतात. जार्मनने तग धरणारी झाडे निवडली: लव्हेंडर, सँटोलिना, व्हॅलेरियन, पॉपी, फॉक्सग्लोव्ह, आणि या किनाऱ्यावर आपोआप उगवणारे, निळसर जाड पानांचे सी केल. समुद्राने आणून टाकलेली लाकडे त्याने उभी रोवली, भोके असलेले दगड माळेत ओवून त्यांवर टांगले, गारगोटीचे लांबट दगड वाफ्यांत उभे केले, गंजलेल्या साखळ्यांची वर्तुळे मांडली. घराच्या पुढे वाफ्यांना थोडीफार आखणी आहे, मागे ती विरघळत जाते. कुठेही कुंपण नाही. बाग कुठे संपते आणि किनारा कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही.

‘द गार्डन’ (१९९०) हा चित्रपट याच जागेतून निघाला. जार्मनने बराचसा भाग सुपर-८ या छोट्या, घरगुती कॅमेऱ्यावर घेतला. त्यात सलग कथा नाही. येशूच्या अखेरच्या दिवसांची कहाणी एकमेकांवर प्रेम करणाऱ्या दोन पुरुषांच्या छळातून सांगितली आहे, आणि तिच्या मधेमधे जार्मन स्वतः बागेत काम करताना, झोपलेला, स्वप्न पाहताना दिसतो. आकाशातून ढग वेगाने धावतात, विजेचे मनोरे उभे राहतात, गोट्यांवर फुले हलतात. ख्रिस्ती परंपरेत माणसाच्या कहाणीची सुरुवात एदेनच्या बागेत होते आणि येशूला अटक होते तीही गेथसेमानी बागेतच. जार्मनने या दोन्ही बागा आपल्या घरासमोरच्या गोट्यांवर आणल्या. भव्य सेट, मोठे चित्रीकरण-पथक यांची त्याला गरज भासली नाही. बागेत लागणारी चिकाटी आणि जवळ असेल त्यातून रचना करण्याची सवय त्याने चित्रपटात उतरवली. तो किनाऱ्यावरचे लाकूड जसे वेचत असे, तशाच वेचलेल्या दृश्यांचा हा चित्रपट आहे.

शेवटी त्याची दृष्टी जात राहिली. ‘ब्लू’ (१९९३) या चित्रपटात ७९ मिनिटे पडद्यावर एकच निळा रंग आहे आणि फक्त आवाज ऐकू येतात. १९ फेब्रुवारी १९९४ रोजी तो वारला. जवळच्या ओल्ड रॉम्नी गावातल्या सेंट क्लेमंट चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले. बागेविषयीचे त्याचे पुस्तक, हॉवर्ड सूली याच्या छायाचित्रांसह, मृत्यूनंतर १९९५ मध्ये आले. घर व बाग त्याचा सहचर कीथ कॉलिन्स याने २०१८ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत सांभाळली. त्यानंतर ती विकली जाण्याची वेळ आली तेव्हा २०२० मध्ये आर्ट फंड या संस्थेने लोकवर्गणी उभारली. ३५ लाख पौंड जमले आणि आता क्रिएटिव्ह फोकस्टोन ही संस्था जागेची देखभाल करते.

प्रवाशाला घर बाहेरून केव्हाही पाहता येते, कारण कुंपण आजही घातलेले नाही. मात्र वाफ्यांत पाय पडणार नाही आणि एकही दगड उचलला जाणार नाही याची काळजी प्रत्येकाने घ्यायला हवी. हा सगळा किनारा वन्यजीवांसाठी संरक्षित असून इथे वनस्पतींच्या सुमारे ६०० जाती आढळतात. प्रस्तुत लेखक पोचला तेव्हा सी केलला पांढरी फुले आली होती आणि लालभडक पॉपी वाऱ्यात आडव्या होत होत्या. मागे वीज केंद्राच्या इमारती निश्चल उभ्या होत्या. हे दृश्य सुंदर आहे की भयाण, याचा निवाडा करायची गरज वाटत नाही. जार्मननेही तो केला नाही. त्याने दोन्ही एकाच चौकटीत ठेवले.

चार बागांचे देणे

या चार जागा ओळीने पाहिल्या की बाग चित्रपटाला नेमके काय देते हे स्पष्ट होते. पहिली गोष्ट मर्यादा. बाग ही आखलेली जागा असते. कुठून पाहायचे, काय दिसू द्यायचे, काय झाडाआड ठेवायचे, हे उद्यानरचनाकार आधी ठरवतो आणि दिग्दर्शक नंतर. ‘ब्लो-अप’ आणि ‘द ड्राफ्ट्समन्स काँट्रॅक्ट’ दोन्ही या मर्यादेवर उभे आहेत. दुसरी गोष्ट काळ. बागेत घाई चालत नाही. ऊन सरकते, ऋतू पालटतो, रोप आपल्या वेळेने वाढते. ग्रीनअवेने उन्हाचे तास मोजले, हॉलंडने महिने सेकंदांत आणले. तिसरी गोष्ट श्रम. बागेला रोज हात लागावा लागतो. जार्मनच्या चित्रपटात आणि बर्नेटच्या मुलांच्या कथेत हे श्रमच माणसाला सावरतात.

सुंदर देखावा हे बागेचे सर्वांत वरवरचे देणे आहे. ज्या चित्रपटांनी तेवढेच घेतले ते पाहून विसरले जातात. ज्यांनी बागेची रचना, तिची गती आणि तिच्यामागचे कष्ट समजून घेतले, ते अनेक दशके उलटूनही ताजे आहेत. ही वाट धरणाऱ्याने हे चित्रपट आधी पाहावेत, बागा जूनमध्ये पाहाव्यात, आणि प्रत्येक बागेत एका जागी निदान तासभर थांबावे. तेवढ्या वेळात ऊन सरकते आणि समोरचे चित्र बदलते. मग आपल्या गावातल्या, रोज जाता-येता दिसणाऱ्या बागेतही तासभर थांबून पाहावे. चित्रपटाचा विषय तिथेही असू शकतो.